४-७ कॅम: फायरिंग ऑर्डर बदलताना काम कोणत्या क्रमानं करायचं

इंदूरच्या सांवेर रोडवरच्या आमच्या शेडमध्ये अधूनमधून असं एखादं इंजिन येतंच. जीपमध्ये बसवलेलं शेव्हरलेचं स्मॉल-ब्लॉक व्ही-८, नवा रेसिंग कॅम (व्हॉल्व्ह उघडझाप करणारा दांडा), नवा कार्बोरेटर, पैसा पाण्यासारखा ओतलेला, आणि आठापैकी सहाच सिलिंडर चालतायत. मालक म्हणतो, "काका, जेट बदलले, कॉइल बदलली. आता हेड उघडायचं का?" हेडला हात लावायची गरज नसते. कॅम ४-७ चा असतो, म्हणजे चौथ्या आणि सातव्या सिलिंडरची फायर होण्याची पाळी अदलाबदल केलेला, आणि प्लगच्या वायरी जुन्या ऑर्डरनं, म्हणजे फायर होण्याच्या जुन्या क्रमानं, लावलेल्या असतात.

काही जण याच्या बरोबर उलटं करतात. कॅम जुनाच ठेवायचा आणि ऑर्डर बदलायची म्हणून नुसत्या वायरी इकडच्या तिकडे करायच्या. "भिया, दोन वायरीच तर बदलायच्या आहेत ना?" असं इंदुरी थाटात विचारतात. ऑर्डर वायरीत नसते, कॅमच्या लोबमध्ये (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्यांमध्ये) असते. कॅम सांगेल त्याच्या मागं वायरींना जावं लागतं.

आणखी एक गोष्ट पैसे खर्च करण्याआधी ऐका. नुसत्या ऑर्डर-बदलातून मोठी ताकद मिळेल या आशेनं इंजिन उघडू नका. कॅम तसाही बदलायचाच असेल तर ४-७ घ्यायला माझी हरकत नाही. चांगलं चालणारं इंजिन फक्त एवढ्यासाठी मी उघडणार नाही.

## तुमच्या इंजिनात हे होतं का?

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत पिस्टन दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. ज्या दोन सिलिंडरचे पिस्टन एकाच वेळी वर येतात त्यांतला एक फायर होतो आणि दुसरा त्या वेळी जळका धूर बाहेर टाकून नवा श्वास घ्यायला लागलेला असतो. कोणी काय करायचं हे कॅम ठरवतो. म्हणून नुसता कॅम बदलून अदलाबदल होते ती फक्त अशा जोडीतल्या दोघांची. बाकी कोणाचीही जागा बदलायची तर क्रँकच बदलावा लागेल.

जोड्या शोधायला ऑर्डर चार-चारच्या दोन ओळींत लिहा. शेव्हरले स्मॉल-ब्लॉकची मूळ ऑर्डर:

१ ८ ४ ३
६ ५ ७ २

वरखाली येणारे आकडे म्हणजे जोड्या: १-६, ८-५, ४-७, ३-२. चौथ्या आणि सातव्याची जागा बदलली की ४-७ कॅमची ऑर्डर मिळते:

१ ८ ७ ३
६ ५ ४ २

यात तिसऱ्या-दुसऱ्याचीही बदली केली की १-८-७-२-६-५-४-३, म्हणजे शेव्हरलेच्या नंतरच्या एलएस इंजिनांची ऑर्डर. जुन्या स्मॉल-ब्लॉकसाठीही या ऑर्डरचे कॅम मिळतात. त्यामुळे 'स्वॅप कॅम' एवढं ऐकून थांबू नका, एक जोडी बदलली आहे की दोन ते विचारा.

फोर्डच्या ३०२ मध्ये घोळ निराळा आहे. जुनी ३०२ ची ऑर्डर १-५-४-२-६-३-७-८, तर एचओ (हाय-आउटपुट ३०२) आणि ३५१ विंडसरची १-३-७-२-६-५-४-८. ब्लॉकवर ३०२ पाहून जुनी ऑर्डर गृहीत धरली आणि आत एचओचा कॅम निघाला, तर चार सिलिंडर चुकीच्या वेळी फायर होतील. फोर्डमध्ये सिलिंडरचे नंबरही वेगळ्या पद्धतीनं पडतात. उजव्या बाजूला १ ते ४, डाव्या बाजूला ५ ते ८. शेव्हरलेत डावीकडे विषम, उजवीकडे सम.

आता आपल्याकडच्या इंजिनांचं बघू, कारण कॉलेजची मुलं हे हमखास विचारतात. मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन, ऑर्डर १-३-२. यात कोणतेही दोन पिस्टन एकत्र वर येत नाहीत. जोडीच नाही, त्यामुळे कॅमनं ऑर्डर बदलण्याचा प्रश्नच मिटला. अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी, जिप्सी यांची १-३-४-२. इथं २-३ ही जोडी बदलून १-२-४-३ करता येते, फोर्डच्या केंट इंजिनाची ऑर्डर हीच आहे. पण ती पहिलीच ऑर्डर उलट्या क्रमानं वाचल्यासारखी आहे. शेजारचे सिलिंडर पाठोपाठ फायर होण्याच्या वेळा दोन्हींत सारख्याच. असा कॅम मुद्दाम घासून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

मग व्ही-८ मध्येच अर्थ का? मूळ ऑर्डरमध्ये ५ आणि ७ पाठोपाठ फायर होतात. दोघे डाव्या रांगेत, एकमेकांना चिकटून, सगळ्यात मागं. तो कोपरा तापतो. ४-७ कॅमनंतर डाव्या रांगेत पाठोपाठ येतात ७ आणि ३, पण त्यांच्या मध्ये ५ आहे. उजव्या रांगेत ४ आणि २ पाठोपाठ येतात, ते शेजारी आहेत, पण वॉटर पंपाच्या बाजूला, पुढं. थोडक्यात, गरमी मागून पुढं येते, नाहीशी होत नाही. शिवाय क्रँकच्या मागच्या भागात लागोपाठ बसणारे धक्के पांगतात.

## टप्पा १: कागद

हत्यार हातात घेण्याआधी हा तक्ता जाड मार्करनं पुठ्ठ्यावर लिहून इंजिनासमोर टांगा. क्रँकचा कोन आणि त्या वेळी फायर होणारा सिलिंडर:

० – १
९० – ८
१८० – ७
२७० – ३
३६० – ६
४५० – ५
५४० – ४
६३० – २

एलएस ऑर्डरचा कॅम असेल तर २७० वर २ आणि ६३० वर ३. पुढच्या प्रत्येक टप्प्यात हाच पुठ्ठा लागतो. 'माझ्या डोक्यात आहे' म्हणणाऱ्यांच्याच वायरी मला परत लावाव्या लागल्या आहेत.

सावधान: बऱ्याच इनटेक मॅनिफोल्डवर मूळ ऑर्डर ओतीव अक्षरांत असते. आजच तिच्यावर टेप चिकटवा.

## टप्पा २: कॅम टेबलावर

डब्यावर आणि कॅम कार्डावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. एका विक्रेत्याकडून आलेल्या कॅमच्या कार्डावर लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलतो) होती, ड्युरेशन (किती वेळ उघडा राहतो) होतं, ऑर्डरचा उल्लेखच नव्हता. मी साधा कॅम समजून बसवला आणि दोन दिवस कार्बोरेटर खोलत बसलो. ही तपासणी तेव्हा केली असती तर दहा मिनिटांत उलगडा झाला असता.

जुना आणि नवा कॅम व्ही-ब्लॉकवर शेजारी ठेवा, दोन्हींची पुढची डॉवेल पिन वर. आता लोब एकेक करून मागं मागं बघत जा. कोणता लोब कोणत्या सिलिंडरचा हे ब्लॉकमधल्या टॅपेटच्या (लोबवर टेकून वर-खाली होणाऱ्या तुकड्याच्या) भोकांवरून ठरवून खडूनं लिहा. ४-७ कॅममध्ये बाकी सहा सिलिंडरचे लोब जुन्यासारखेच, जवळजवळ त्याच दिशेला असतील. चौथ्या आणि सातव्याचे जुन्याच्या बरोबर उलट दिसतील. जोडीतल्या दोघांत क्रँकचं ३६० अंशांचं अंतर असतं आणि कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, म्हणून इथं १८०. चार सिलिंडरचे लोब उलटे दिसले तर दोन जोड्या बदललेल्या आहेत. पुठ्ठा बदला.

जुना कॅम हाताशी नसेल तर ही तपासणी टप्पा ४ मध्ये होईल, पण मग ती अजिबात टाळू नका.

याच वेळी डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना पाळीनं ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) गिअर बघून घ्या. अशा ऑर्डरचे बरेच रेसिंग कॅम बिलेट स्टीलचे असतात आणि त्यावर साधा ओतीव लोखंडी गिअर टिकत नाही. कॅम बनवणारा ब्राँझचा किंवा कॉम्पोझिट गिअर सांगत असेल तर तोच घ्या.

फ्लॅट टॅपेट (सपाट तळाचे, रोलर नसलेले) कॅम असेल तर टॅपेट नवेच. सगळ्या लोबना आणि टॅपेटच्या तळाला मॉली पेस्ट लावा. कॅम आत सरकवताना घाई नको, लोबची धार कॅम बेअरिंगवर ओरखडा काढते. इंजिन उभं करता आलं तर निम्मा त्रास वाचतो.

## टप्पा ३: खरा टीडीसी आणि डिग्री

चेनचे ठिपके समोरासमोर आणले की काम झालं असं मानणारे पुष्कळ आहेत. ठिपके म्हणजे फक्त सुरुवात, कॅम अंशांत मोजून जुळवणं म्हणजे डिग्री.

आधी खरा टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वर असतो ती जागा, काढा. हेड नसताना पहिल्या सिलिंडरवर पिस्टन अडवणारी पट्टी बोल्टनं बसवा. क्रँक हातानं हळू फिरवून पिस्टन पट्टीला टेकवा, डिग्री व्हीलवरचा (क्रँकवर लावलेल्या अंशांच्या तबकडीवरचा) आकडा लिहा. मग उलट फिरवून टेकवा, आकडा लिहा. दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये टीडीसी. तिथं व्हीलचा शून्य आणि तारेचा काटा जुळवा, पट्टी काढा.

मग पहिल्या सिलिंडरच्या इनटेक टॅपेटवर डायल गेज. सर्वांत जास्त लिफ्टला गेज शून्य करा. त्याआधी आणि त्यानंतर ५० थाऊ (इंचाचे हजारांश) खाली असताना व्हील काय दाखवतं ते लिहा. समजा ७० आणि १४२ आले. बेरीज २१२, निम्मे १०६. इनटेकची मध्यरेषा टीडीसीनंतर १०६ अंशांवर. कॅम कार्डावरच्या आकड्याशी ताडून बघा आणि फरक असेल तर चेनच्या गिअरवरच्या दुसऱ्या चावीघरातून सुधारा.

तपासणी: आकडा घेताना क्रँक नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेनं फिरवा. पुढं निघून गेलात तर पाव फेरी मागं जाऊन पुन्हा या, नाहीतर चेनचा ढिलेपणा आकड्यात शिरतो.

पहिल्याचं डिग्री झालं की डायल गेज चौथ्या किंवा सातव्या सिलिंडरवर लावून हेच पुन्हा करा, त्या सिलिंडरच्या टीडीसीपासून मोजून. बदललेला लोब तोच आहे. लोब घासताना चूक झाली असेल तर ती तिथंच सापडेल.

## टप्पा ४: ऑर्डर इंजिनवर वाचा

सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त वगळला जाणारा. हेड लावण्याआधी करा, पिस्टन डोळ्यांना दिसतात तेव्हा. सगळे सोळा टॅपेट आपापल्या भोकात टाका.

एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. शेव्हरले स्मॉल-ब्लॉकमध्ये चेनचे ठिपके समोरासमोर असतात तेव्हा सहावा सिलिंडर फायरिंगवर असतो, पहिला नाही. डिस्ट्रिब्युटर १८० अंश चुकीचा बसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. तिथून क्रँक एक पूर्ण फेरी फिरवा, मग पहिला येतो.

आता पहिल्याच्या दोन्ही टॅपेटवर बोटं ठेवा. दोन्ही पूर्ण खाली हवेत. त्याचा जोडीदार सहावा: पिस्टन त्याचाही वर, पण दोन्ही टॅपेट थोडे उचललेले. हे जुळलं की ९० अंश पुढं. पुठ्ठ्यावर ८ आहे. आठव्याचा पिस्टन वर, टॅपेट दोन्ही खाली? खूण करा. पुढचे ९०. इथं सातवा यायला हवा. सातव्याचे टॅपेट खाली आणि चौथ्याचे उचललेले असतील, तर कॅम खरोखर ४-७ चा आहे. उलटं असेल तर तुमच्या हातात साधा कॅम आहे, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

आठही जागा तपासा. दोनच बघून 'बाकी बरोबरच असणार' म्हणू नका, दुसरी जोडी बदललेली असेल तर ती २७० वरच कळते.

## टप्पा ५: हेड, क्लिअरन्स, टॅपेट सेटिंग

ऑर्डर बदलल्यानं पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर बदलत नाही, पण नव्या कॅमची जास्त लिफ्ट ते बदलते. पिस्टनच्या माथ्यावर मळलेली माती लावून, हेड जुन्या गॅस्केटसह तात्पुरतं कसून, इंजिन हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. माती ब्लेडनं कापून जाडी मोजा. इनटेकला कमीत कमी ८० थाऊ, एक्झॉस्टला १०० थाऊ, म्हणजे साधारण दोन आणि अडीच मिलिमीटर. फिरवताना कुठं अडकलं तर जोर लावू नका.

टॅपेट सेटिंगमध्ये मात्र ऑर्डर आडवी येते आणि इथं अनुभवी मिस्त्रीही फसतात. मॅन्युअलमध्ये दोन स्थितींची पद्धत असते: पहिला सिलिंडर फायरिंगवर आणून एक्झॉस्ट १, ३, ४, ८ आणि इनटेक १, २, ५, ७. हात सवयीनं तेच करतो. ४-७ कॅमला ते चुकीचं आहे. आता एक्झॉस्ट १, ३, ७, ८ आणि इनटेक १, २, ४, ५. उरलेले सहावा फायरिंगवर असताना.

खरं तर मोठ्या ड्युरेशनच्या रेसिंग कॅमला ही पद्धत मी वापरतच नाही. एकेक सिलिंडर घ्या. एक्झॉस्ट उघडायला लागला की इनटेक सेट करा. इनटेक पूर्ण उघडून बंद व्हायला आला की एक्झॉस्ट. वेळ जास्त लागतो, पण या पद्धतीला ऑर्डरशी देणंघेणं नाही, त्यामुळे चूक व्हायला जागाच राहत नाही.

हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा संच) ट्राय-वाय जातीचा, म्हणजे नळ्या आधी दोन-दोन जोडून मग एकत्र आणलेला, असेल तर तो जुन्या ऑर्डरप्रमाणे जोडलेला आहे. नव्या ऑर्डरमध्ये ७ आणि ३, तसेच ४ आणि २ पाठोपाठ फायर होतात. या जोड्या एकाच पहिल्या जोडनळीत येत असतील तर हेडर बदला. चारही नळ्या एकत्र येणाऱ्या साध्या हेडरला काही करायचं नाही.

## टप्पा ६: तेल, मग डिस्ट्रिब्युटर

हा क्रम उलटा करू नका. डिस्ट्रिब्युटर बाहेर असतानाच तेलपंप ड्रिलनं फिरवा. गेजवर प्रेशर आलं की क्रँक थोडा थोडा फिरवत सोळाही रॉकरपर्यंत तेल पोचल्याचं डोळ्यांनी पाहा.

मग पहिला सिलिंडर फायरिंगवर. पुलीवरचा शून्य दोन फेऱ्यांत दोनदा येतो, म्हणून पहिल्याच्या प्लगच्या भोकावर बोट धरा. हवा बोट ढकलेल तीच फेरी. सुरुवातीला टीडीसीच्या १० ते १२ अंश आधी ठेवून डिस्ट्रिब्युटर बसवा.

शेव्हरलेचा रोटर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, फोर्डचा उलट. पहिल्याच्या खुंटीपासून त्या दिशेनं पुठ्ठ्याप्रमाणे वायरी लावा: १, ८, ७, ३, ६, ५, ४, २. कॅपवर आधीच वायरी असतील तर फक्त ४ आणि ७ ची अदलाबदल. त्या कॅपच्या अगदी समोरासमोरच्या खुंट्या आहेत. लगतच्या दोन वायरी बदलताय असं वाटलं तर थांबा, काहीतरी चुकतंय.

सावधान: पाठोपाठ फायर होणाऱ्या शेजारच्या सिलिंडरच्या वायरी समांतर बांधल्या तर एकीची ठिणगी दुसरीत उतरते. पूर्वी ५ आणि ७ ला दूर ठेवायचो, आता ४ आणि २ ला. एलएस ऑर्डर असेल तर १ आणि ३. ओलांडायच्याच तर काटकोनात.

## टप्पा ७: ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असेल तर

इथं गंमत आहे. वेस्टेड स्पार्क पद्धतीत एक कॉइल जोडीतल्या दोन्ही प्लगना एकदमच ठिणगी देते. कॉइली १-६, ८-५, ४-७, ३-२ अशा जोडलेल्या असतील तर अदलाबदलीचा त्यांना पत्ताही लागत नाही. इंजिन पहिल्या सेल्फला चालू होतं आणि मालक खूश होतो. पण इंजेक्शन सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला त्याच्या पाळीनं पेट्रोल देणारं) असेल तर चौथ्या आणि सातव्याला पेट्रोल एक फेरी चुकून मिळत राहतं. चालतं, पण त्या दोघांचं मिश्रण बाकीच्यांसारखं ट्यून होत नाही. ईसीयूमध्ये फायरिंग ऑर्डर बदला. ती सोय नसेल तर त्या दोन इंजेक्टरचे पिन बदला. दोन्ही एकदम करू नका, एकानं दुसरं रद्द होतं. प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल असेल तर कॉइललाही हाच नियम.

## टप्पा ८: पहिला स्टार्ट

फ्लॅट टॅपेट कॅम बिघडतो तो इथंच, पहिल्या काही मिनिटांत. लांबलचक सेल्फ मारत बसायचं नाही, म्हणून कार्बोरेटरची वाटी आधीच पेट्रोलनं भरा. तेल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, ब्रेक-इनसाठीचं. दुहेरी स्प्रिंग असतील तर आतल्या तात्पुरत्या काढा. इंजिन लागलं की ताबडतोब २००० ते २५०० आरपीएमवर न्या आणि २० ते ३० मिनिटं वर-खाली करत तिथंच ठेवा. आयडलवर सोडू नका. रोलर कॅमला एवढा सोपस्कार लागत नाही.

आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी शेडचा पत्रा तापलेला असतो, त्यामुळे हे काम सकाळी पोहे-जलेबी झाली की लगेच. रेडिएटरसमोर मोठा पंखा लावा आणि एक माणूस फक्त पाण्याच्या गेजवर नजर ठेवायला बसवा.

पहिल्या दोन मिनिटांत इंजिन सहा सिलिंडरवर भडभडत असेल, कार्बोरेटरमधून फटाके येत असतील, तर बंद करा. तसंच रेटत ब्रेक-इन पूर्ण करू नका.

## टप्पा ९: काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

इन्फ्रारेड थर्मामीटरनं हेडरच्या आठही नळ्या बघा. फक्त ४ आणि ७ थंड: वायरी आणि कॅम एकमेकांशी जुळत नाहीत. इनटेक उघडत असताना ठिणगी पडतेय. इंजिन बंद करून कॅपवर त्या दोन वायरी बदला आणि पुन्हा चालू करा. २ आणि ३ थंड (वायरी जुन्याच ऑर्डरनं असतील तर ४ आणि ७ सुद्धा): तुमच्याकडे दोन जोड्या बदललेला कॅम आहे. चालूच होत नाही, नुसते फटाके: डिस्ट्रिब्युटर १८० अंश उलटा. सगळे गरम, पण जोर दिल्यावर ४ किंवा २ मिस मारतात: वायरी समांतर गेल्यात का ते अंधार झाल्यावर बॉनेट उघडून बघा, ठिणगी दिसते.

सगळं जुळलं की टायमिंग लाइट एकेका वायरीला लावून आठही सिलिंडरवर ठिणगी नियमित पडतेय ना ते पाहा. ब्रेक-इन झाल्यावर तेल आणि फिल्टर बदला. फिल्टर कापून आत लोखंडाची चमक आहे का बघा. आतल्या स्प्रिंग परत बसवा आणि फ्लॅट सॉलिड टॅपेट असतील तर गरम इंजिनावर पुन्हा सेट करा.

शेवटी पत्र्याच्या तुकड्यावर नवी ऑर्डर ठोकून तो व्हॉल्व्ह कव्हरच्या बोल्टखाली अडकवा. पुठ्ठा मालकाला द्या. पुढच्या वेळी हे इंजिन दुसऱ्याच कुणाच्या शेडमध्ये जाईल आणि तो मिस्त्री मॅनिफोल्डवरची ओतीव अक्षरं वाचूनच वायरी लावायला घेईल.